कोकणात गरी टाकायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, मुंबईची नोकरी सोडून संगमेश्वर तालुक्यात गावी आलोय. सात फुटी स्पिनिंग रॉड, रील, प्लास्टिकचे मासे आणि बेडूक असं सगळं घेतलं. परदेशी व्हिडिओंत बास आणि कार्प एकामागून एक लागताना दिसतात. मी चार महिने नदीवर जातोय, पण दोन चिलाप्यांच्या पलीकडे हाती काही लागलं नाही. कोकणात बास कुठे मिळेल? मिळत नसेल तर त्याचं बीज आणून शेततळ्यात सोडू का? आणि पावसाच्या सुरुवातीला गाव सगळा चढणीचे मासे धरायला जातो, तेव्हा रॉड घेऊन गेलो तर चालेल का?"

बासचं आधी सांगतो, कारण तिथे घाई केलीत तर ती पुढे निस्तरता येणार नाही. व्हिडिओंत दिसतो तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला मासा. आपल्या नद्यांचा तो नाही. तो शेततळ्यात सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. घाटावरचं शेततळं उन्हाळ्यात आटतं आणि पावसाळ्यात जेमतेम भरतं. आपलं तसं नाही. आषाढात एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पाऊस पडला की तळं काठावरून वाहतं, ते पाणी वहाळाला लागतं आणि वहाळ नदीला. तळ्यातला मासा तळ्यातच राहील असं कोकणात कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. जपानमध्ये हाच बास १९२५ साली आशी सरोवरात हौसेने आणून सोडला. पुढे तो देशभर पसरला, तिथल्या लहान माशांचा फडशा पाडू लागला आणि अखेर तो बाळगायला, वाहून न्यायला आणि पाण्यात सोडायला कायद्याने बंदी घालावी लागली.

परदेशी मासाच नुकसान करतो असंही नाही. लोणावळ्याच्या वळवण मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून दख्खनी महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाची पैदास होते. काम मोलाचं, हेतू चांगला. पण तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, देशातल्या दूरदूरच्या नद्यांत गेली. कावेरीत मूळचा कुबड असलेला महाशीर कमी होत गेला, त्यामागे बाहेरून आलेला हा भाऊबंद हे एक मोठं कारण असल्याचं अभ्यासक सांगतात. आपल्याच देशातला, आपल्याच जातकुळीचा मासा दुसऱ्या खोऱ्यात गेला तर एवढं होतं. तुम्ही तर अमेरिकेतला आणायचं म्हणताय.

तुम्हाला लागलेली चिलापीही पाहुणीच आहे. ती १९५२ साली भारतात आली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वाढ झपाट्याने होते आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. लागेल तेवढी चिलापी घरी न्या, परत सोडू नका. तव्यावर छान लागते.

आता नदीकडे वळू. माझं घर चिपळूण तालुक्यात, वाशिष्ठीच्या काठाजवळ. आजोबांनी माणग्याच्या काठीला दोरा बांधून हातात दिली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. माणगा हा आपल्याकडचा भरीव बांबू. वाळवला की लवतो पण मोडत नाही. आजही लहान माशांसाठी मी तीच काठी नेतो. तुमचे चार महिने कोरडे का गेले ते रॉड बदलून कळणार नाही, त्यासाठी आपल्या नद्यांचा स्वभाव समजून घ्यावा लागेल.

कोकणातल्या नद्या आखूड आहेत. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो चार महिन्यांत पडून जातो. होळीनंतर बहुतेक नद्यांची धार तुटते आणि मधे मधे उरतात ते कोंड. खडकात खोल गेलेले, काठावर करंज, जांभूळ, उंबर वाकलेले. पावसाळ्यात मैल-दोन मैल पसरलेले सगळे मासे मार्च ते मे या एका कोंडात जगतात. पुढच्या पावसात नदी पुन्हा भरायची ती याच कोंडातल्या माशांनी. कोकणातली गोड्या पाण्यातली मासेमारी समजून घ्यायची ती इथून. कोंड हे नदीचं बियाणं आहे. हे ध्यानात घेतलंत की कुठे गरी टाकायची, कधी टाकायची आणि कधी टाकायची नाही, हे आपोआप उलगडत जातं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक कोंड होता, आजोबा मला पहिल्यांदा तिथेच घेऊन गेले. एका एप्रिलमध्ये कुणीतरी रात्रीत ब्लीचिंग पावडर टाकली. सकाळी गेलो तर पाणी पांढुरकं झालेलं आणि सगळीकडे उलटी पोटं. ज्यांनी टाकली ते मोठे मासे वेचून गेले होते. उरले होते ते नखाएवढे, बोटाएवढे, खेकडे, बेडूक, झिंगे. शेंगटीची, म्हणजे त्या मिशाळ माशाची, पिल्लं तर मुठीमुठीने कडेला लागलेली. पुढची तीन वर्षं त्या कोंडात दुपारभर बसलो तरी दोरा हलत नसे. विष टाकून किंवा जिलेटिनचा बार काढून मासे मारायला आपल्याकडे १८९७ सालच्या मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. म्हणजे कायदा नवा नाही. पाहणारा कुणीतरी हवा असतो. गरी घेऊन काठावर बसणारा माणूस असे प्रकार सगळ्यांत आधी पाहतो, म्हणून हे तुम्हाला इतकं लांबण लावून सांगतोय. असं काही दिसलं तर गप्प बसू नका. आधी सरपंचांच्या कानावर घाला, मग पोलिसांना कळवा.

आता कोंडात मासा उभा कुठे असतो ते पाहू. वरून पाणी जिथे खळखळत कोंडात उतरतं तिथे हवा मिसळते आणि खाणं वाहून येतं, म्हणून चपळ मासे तोंडाशी असतात. शेंगटी दिवसा खडकाच्या कपारीत आणि मुळ्यांच्या जाळ्यात बसते, कातरवेळी बाहेर पडते. उंबर पिकून पाण्यात पडायला लागले की त्या झाडाखाली खवळे आणि महाशीरची पिल्लं टपून असतात. तिथे पिकलं उंबर हेच आमिष. लहान गळ, त्यावर अर्धं उंबर, शिसं अजिबात नको, आणि ते झाडावरून पडल्यासारखं टप्प करून पडू द्या. आजोबा म्हणायचे, पाण्याला रोज जे मिळतं तेच दे.

तुमचं चुकतं कुठे, तर बोटभर लांबीचे चकचकीत लूर, म्हणजे नकली मासे, तुम्ही काचेसारख्या नितळ पाण्यात, काठावर उभं राहून फेकता. माणूस आणि त्याची सावली मासा आधी बघतो. खाली बसा. ऊन तोंडावर येईल अशी बाजू धरा म्हणजे सावली मागे पडते. फिक्या, भडक रंगाचा शर्ट नको. गळ १० किंवा १२ नंबरचा, दोरा बारीक, आमिषाला काडू, म्हणजे गांडूळ. गोठ्यामागच्या शेणाच्या खड्ड्यात मिळतं ते लाल, वळवळणारं काडू उत्तम. ओंबिलांची, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांची, अंडी मिळाली तर त्याहून सरस, पण ती काढताना ओंबील कडकडून चावतात आणि अंडी गळावर नाजूकपणे लावावी लागतात. तरंग्यासाठी बुचाचा तुकडा किंवा मोरपिसाचा दांडा पुरे. पहिली चार-पाच शेंगटी अशी लागली की तुमचा हात बसेल. शेंगटीच्या छातीकडच्या आणि पाठीच्या काट्याला जपा. तो विषारी असतो आणि हात तासन् तास ठणकतो. लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, उतार पडतो. सूज वाढली तर डॉक्टरकडे जा.

काही कोंड देवाचे आहेत. महाडकडचा काळ नदीवरचा वाळणकोंड किंवा वाड्याजवळचं वैतरणेवरचं तिळसे, इथले महाशीर लोक पिढ्यान् पिढ्या राखत आलेत. तिथे गरी नेऊच नये. चुरमुरे टाकून हातभर लांबीचे मासे पायाशी येताना बघा. आपल्या सगळ्या नद्या एके काळी कशा असतील याचा अंदाज तिथे येतो. तुमच्या जवळपासही एखाद्या ग्रामदेवतेचा कोंड असेल. गुरवांना किंवा जुन्या माणसांना विचारल्याशिवाय नव्या जागी दोरा टाकू नका.

चढणीच्या माशांचं विचारलंत. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर नदी लाल होते, वहाळ वाहायला लागतात आणि कोंडात कोंडलेले मासे वर चढू लागतात. पऱ्यातून, म्हणजे लहान ओढ्यातून, वर, बांधावरून उडी मारून भाताच्या खाचरात. मळभ दाटलेलं, कंदील-बॅटऱ्या घेऊन माणसं शेतात उतरलेली, पागाचा, म्हणजे फेकजाळ्याचा, आवाज, पोरांची आरडाओरड. ते वातावरण मी लहानपणी अंगभर अनुभवलंय आणि आजीच्या हातच्या तिरफळ घातलेल्या त्या कालवणाची चव अजून जिभेवर आहे. पण मासे साफ करताना प्रत्येकाचं पोट गाभोळीने भरलेलं असायचं तेही आठवतं. ते चढतात कशाला? उथळ, कोमट, प्रवाह मंद असलेल्या जागी अंडी घालायला. मोठ्या नदीच्या लोंढ्यात अंडी आणि पिल्लं टिकणार नाहीत, म्हणून ते खाचर शोधतात. उन्हाळाभर कोंडात तग धरून राहिलेली मादी अंडी घालायच्या आदल्या तासाला आपण उचलतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. नदीतल्या माशाचाही विणीचा काळ तोच आहे.

म्हणून माझं उत्तर, जाऊ नका. तसंही त्या दिवसांत गरीला फारसं काही लागत नाही. चढणारा मासा पळत असतो, त्याचं खाण्याकडे लक्ष नसतं. मी गेली अठरा वर्षं मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत काठी माळ्यावर ठेवतो. शेजाऱ्यांना उपदेश करत नाही. ज्याच्या घरात त्या दोन दिवसांच्या माशांवर आठवडा निघतो त्याला मी काय सांगणार? पण आमच्या वाडीत आम्ही मिळून एवढं ठरवलंय की पऱ्याचं तोंड जाळ्याने पुरतं बांधायचं नाही, अर्धा पऱ्या मोकळा ठेवायचा, आणि उतरणीला, म्हणजे पिल्लं खाचरातून परत नदीत जातात तेव्हा, कुणी काही लावायचं नाही. पाचव्या-सहाव्या वर्षापासून कोंडात फरक दिसायला लागला. तुम्ही गावात नवे आहात, लगेच सभेत उठून बोलू नका. एक-दोन पावसाळे जाऊ द्या, मग बोला.

आता "आमच्याकडे बास आहेच की" असंही म्हणता येईल. आपला जिताडा, तुमच्या भागात खजुरी, गोव्यात चोणक. इंग्रजीत याला एशियन सी बास म्हणतात. अमेरिकेतल्या बासशी त्याचं सख्खं नातं नाही, पण झडप तशीच आणि ताकद कितीतरी जास्त. हा खाडीत राहतो, गोड्या पाण्यात वर चढतो आणि विणीसाठी पुन्हा खाऱ्या तोंडाकडे उतरतो. आणखी एक नवल म्हणजे आयुष्याच्या सुरुवातीला हा नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे सात-आठ किलोचा जिताडा लागला तर ती बहुधा मादीच. फोटो काढा आणि सोडा. खायला दीड-दोन किलोचा पुरतो. रायगडात अलिबाग-पेणकडे खाडीतली पिल्लं आणून तळ्यात वाढवायची जुनी रीत आहे. तुमच्या शेततळ्यात काही वाढवायचंच असेल तर हा विचार करा, मात्र तो एकमेकांना खातो. लहानमोठे एकत्र ठेवलेत तर शेवटी मोठेच उरतात. शिरगावला, रत्नागिरीजवळ, कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. बीज आणि खाद्याचं तिथे जाऊन नीट विचारा, ऐकीव माहितीवर पैसे घालू नका.

तुमचा सात फुटी रॉड जिताड्यासाठीच योग्य आहे. शास्त्रीची खाडी तुम्हाला जवळ आहे, फुणगूसच्या बाजूला जा. तिथे घड्याळ चालत नाही, तिथी चालते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. हा हिशोब समुद्रकिनाऱ्याचा झाला. खाडीत जसजसे आत जाल तसा तास-दोन तास उशीर धरा. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी गढूळ आणि ओढ फार; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पाणी जवळजवळ मेलेलं. मला तृतीया-चतुर्थी आवडते. चतुर्थीला किनाऱ्यावर तीनच्या सुमारास भरती, म्हणजे तुमच्याकडे चार-साडेचारला. मग सुकती, म्हणजे ओहोटी, लागते आणि सूर्य मावळताना पाणी ऐन उतरणीला असतं. कांदळवनातून बारीक बोई आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर येते, आणि ओहोळ जिथे मोठ्या पाण्याला मिळतो त्या तोंडाशी जिताडा उभा असतो. लूर ओहोळाच्या तोंडात टाका, पाण्याबरोबर वाहू द्या, दोन-तीन झटके, मग थांबवा. बहुतेक वेळा तो थांबलेल्या लूरवरच येतो. जिताड्याच्या कल्ल्यावरची झाकणं वस्तऱ्यासारखी असतात, म्हणून मूळ दोऱ्याच्या पुढे दोन-तीन फूट जाड नायलॉनचा लीडर हवाच. कल्ल्यात बोटं घालून मासा उचलू नका. त्याच जागी कधी तांबोशीही लागते. ती लागल्या लागल्या मुळांत घुसते, तेव्हा पहिल्या दोन सेकंदांत ढिली सोडलीत तर गेली.

आश्विन-कार्तिक हा काळ उत्तम. पाणी निवळत असतं आणि पावसात वाढलेली बारीक मासळी खाडीत भरपूर असते. दुसरी संधी चैत्र-वैशाखात.

कार्पकडे येतो. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. आपल्याकडे ते धरणांत आणि तलावांत बोटुकली सोडून वाढवतात. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून दरवर्षी बीज सोडावं लागतं. त्या बीजाचा खर्च कुणीतरी केलेला असतो. राज्यातल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. म्हणून धरणावर जाण्याआधी संस्थेच्या माणसांना भेटा, नीट विचारा, मागतील ती पावती फाडा. मी ज्या धरणावर जातो तिथे दिवसाचे ठरावीक पैसे देतो आणि एकच मासा ठेवतो. त्यामुळे ते लोक स्वतःहून सांगतात की गेल्या आठवड्यात मासा कुठल्या अंगाला होता. धामापूरसारख्या जुन्या तलावांवर मात्र मी गरी नेत नाही. १५३० साली बांधलेला तो तलाव, त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळालाय. तिथे काठावर बसून पाणी बघण्यातच मन भरतं.

कार्पचं तोंड बघा म्हणजे आमिष कुठे ठेवायचं ते कळेल. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाचपतो. सायप्रिनस, म्हणजे बाहेरून आलेला साधा कार्प, तोही तळाचाच. तळाच्या माशांसाठी शेंगदाण्याची पेंड दोन भाग, भाताचा कोंडा एक भाग, भाजून कुटलेली मेथी थोडी, गुळाच्या पाण्यात मळायचं. गोळा हातात टिकला पाहिजे आणि पाण्यात दहा मिनिटांत फुटला पाहिजे. घट्ट झाला तर कोंडा वाढवा. कटल्यासाठी हेच मिश्रण सैल ठेवायचं, म्हणजे ते पाण्यात ढगासारखं पसरतं, आणि गळ तरंग्याखाली तीन-चार फुटांवर लटकवायचा. सगळ्यांत महत्त्वाचं, एकाच जागी दोन-तीन दिवस आधी चारा टाका. जागा रोज बदलणाऱ्याला कार्प लागत नाही.

कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो घास ओढून चाखतो आणि टोचलं की थुंकतो. म्हणून घास गळावर न लावता गळाच्या मागे एक सेंटिमीटर दोऱ्याच्या शेपटीला ओवायचा. घास आत ओढला जातो तेव्हा उघडा गळ मागोमाग जातो आणि थुंकताना ओठात बसतो. ही परदेशी व्हिडिओंतली युक्ती इथे खरोखर उपयोगी पडते. मी शिजवलेला मका किंवा रात्रभर भिजवून उकडलेले हरभरे वापरतो. माघ ते वैशाख, पहाट ते नऊ.

तुमच्याकडे प्लास्टिकचा बेडूक आहे म्हणालात. तो मरळीसाठी. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, कमळाच्या आणि शेवाळाच्या कडेला तिचा बुडबुडा दिसतो. बेडूक त्या पलीकडे टाकून शेवाळावरून सरकवत आणा. झडप पडल्यावर मनात दोन आकडे मोजा आणि मग ओढा. पण पाण्यावर केशरी-लाल पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर तिथे दोरा टाकायचा नाही. खाली आईबाप राखणीला असतात, जवळ आलेल्या कशावरही धावतात, आणि म्हणूनच ते सहज लागतात. विशीत असताना मी अशी एक मरळ काढली होती. संध्याकाळपर्यंत चिलाप्यांनी आणि पाणकावळ्यांनी तिची पिल्लं संपवली. मी काठावर बसून ते पाहिलं.

जिवाचं सांगतो. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री या नद्यांत मगरी आहेत. पाण्याच्या कडेपासून दोन-तीन मीटर मागे बसा, तिन्हीसांजेला गुडघाभर पाण्यात उभे राहू नका, धरलेले मासे दोरीला बांधून पाण्यात सोडू नका, मासे काठावर साफ करू नका. थंडीत सकाळी खडकावर ऊन खात पडलेली मगर दिसली की ती जागा तिची. वाशिष्ठीचं आणखी एक वेगळेपण म्हणजे तिला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण कोयनेचं पाणी वीज तयार करून कोळकेवाडीमार्गे तिच्यात येतं. विजेची मागणी वाढली की पाणी वाढतं. ऐन मे महिन्यात, आभाळ कोरडं असताना, मी मधल्या खडकावर बसलो होतो आणि अर्ध्या तासात माझ्या आणि काठाच्या मधे कमरेएवढं पाणी झालं. पुलापर्यंत ओरडून माणसं गोळा करावी लागली. तेव्हापासून वाशिष्ठीत मी परतीची वाट कोरडी ठेवूनच बसतो. परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडायला लागलं की कार्बनचा रॉड खाली ठेवून निघा, तो वीज ओढतो. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात उतरू नका. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती आपल्याकडे खरी आहे, ताप आला तर अंगावर काढू नका.

सोडायचा मासा ओल्या हातांनीच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, गळ चटकन निघतो. आपल्या उन्हात मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाहून जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात कोंडातून मी काहीच नेत नाही, महाशीरचं पिल्लू तर कुठल्याच ऋतूत नाही.

नवीन काही विकत घेऊ नका. जिताड्यासाठी लीडर आणि शेंगटीसाठी दहा-बारा लहान गळ, एवढंच घ्या. येत्या आठवड्यात तीन संध्याकाळी रॉड घरी ठेवून तुमच्या जवळच्या कोंडावर जा. कुठल्या टोकाला पाणी उतरतं, कपारी कुठे आहेत, काठावर कुठली झाडं आहेत, शेंगटी किती वाजता वर यायला लागते, ते वहीत लिहा. उंबर असेल तर तो पिकलाय की कच्चा तेही बघा आणि मला कळवा, गळाचा नंबर आणि दोऱ्याची जाडी मी त्यावरून सांगतो.